तीन इंच

"शेपूट बसलंय," मिस ओपल म्हणाली. "उद्या अकराला मर्ल घरी येतोय. त्याच्या आत वर घे."

डेल्बर्टने गॅरेजच्या दारात उभं राहून एक डोळा मिटला. आत मर्लची सत्तर सालची नोव्हा उभी होती, लाल, लखलखीत, आणि खरंच चुकीची. मर्लची गाडी कायम नाक खाली आणि ढुंगण वर करून उभी असायची, मांजर उडी मारायच्या बेतात असावी तशी. आज ती मांजर जेवून बसल्यासारखी दिसत होती.

"त्यांना कळेल?" डेल्बर्टने विचारलं.

"त्याला आमच्या लग्नाची तारीख आठवत नाही. पण या गाडीचा पाव इंच तो रस्त्यावरून ओळखतो. तीन महिने इस्पितळात पडून रोज फोनवर आधी तिची चौकशी करतो, मग माझी. उद्या ही अशी दिसली तर कुबड्या टाकून व्हरांड्यातून खाली उतरेल, आणि मग जे काय होईल ते मला नकोय."

डेल्बर्टने टेप काढला. मागच्या चाकावरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. डोकं खाजवलं.

"मिस ओपल, मागची उंची आहे तेवढीच आहे. हे माप मर्लच्या हाताखाली मीच घेतलेलं. शेपूट बसलेलं नाही. नाक वर आलंय."

"मग शेपूट आणखी वर कर."

"त्यापेक्षा पुढचं खाली घेतो ना. बॉनेट उघडून जरा बघतो..."

मिस ओपलने हातातला कॉफीचा मग खाली ठेवला.

"मर्ल घरात नसताना तू त्याचं बॉनेट उघडणार?"

डेल्बर्ट कानापर्यंत लाल झाला. केंटकीच्या त्या खोऱ्यात माणूस एकवेळ दुसऱ्याच्या कुत्र्याला लाथ मारेल आणि रविवारी चर्चमध्ये माफी मागेल. पण मालकाने 'ये, बघ' म्हटल्याशिवाय त्याचं बॉनेट उचलायचं नाही. डेल्बर्टच्या चुलत्याने एकदा उचललं होतं. तो आता ओहायोत राहतो.

"चुकलो," डेल्बर्ट म्हणाला. "किती वर घेऊ?"

"तीन इंच."

"गाडी एक इंच उचलायची तर पाट्याचं शॅकल, म्हणजे मागची स्प्रिंग लटकते ती पट्टी, दोन इंच लांब लागतं. तीनला सहा. सहा इंचांचं शॅकल म्हणजे गाडीला उंच टाचांचे बूट घातल्यासारखं होईल. वळणावर झोकांड्या खाईल."

"वळणावर नेतंय कोण? डॉक्टरांनी सहा महिने क्लच दाबायला मनाई केलीय. तो नुसता बघणार आहे. बघण्यापुरती नीट कर, पोरा."

ते पटण्यासारखं होतं. डेल्बर्टने मागे जॅक लावला, टेकूला लोखंडी घोड्या सरकवल्या आणि खाली शिरला. जाड पट्टी कापून, भोकं पाडून त्याने चार लांब पट्ट्या केल्या. जुने बोल्ट तेल पिऊन, शिव्या खाऊन शेवटी सुटले. मधे मिस ओपलने मीटलोफचं सँडविच थेट गाडीखाली सरकवलं.

"माणूस असावा तर मर्लसारखा," खालून डेल्बर्ट तोंडात घास ठेवून म्हणाला. "पुढे जमिनीवर तेलाचा एक थेंब नाही. माझ्या गाडीखाली तळं असतं."

"फार काळजी घेतो," मिस ओपल म्हणाली.

संध्याकाळी घोड्या काढल्या. दोघं फाटकापर्यंत मागे गेले आणि दोघांनी एकेक डोळा मिटला. नाक खाली, ढुंगण वर. मांजर पुन्हा उडीच्या बेतात होती.

"देव तुझं भलं करो," मिस ओपल म्हणाली. तिने आणखी एकदा डोळा मिटून गाडी पाहिली. डेल्बर्टला वाटलं, केवढं हे प्रेम.

दुसऱ्या दिवशी अकराला मर्ल आला. त्याला व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसवलं, पायांवर चादर टाकली. समोर गॅरेजचं दार सताड उघडं होतं. मर्लने चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं. मिस ओपलने कठडा घट्ट धरला. डेल्बर्टने टोपी काढली.

"हं," मर्ल म्हणाला. "सोडून गेलो तश्शीच आहे."

मिस ओपलने श्वास सोडला. पर्समध्ये औषधांची चिठ्ठी टाकून ती म्हणाली, "दुकानात जाऊन येते," आणि घरामागे गेली. तिथे तिची बदामी रंगाची म्हातारी स्टेशन वॅगन आच्छादनाखाली असायची.

मर्लच्या पापण्या जड होत होत्या. त्याने शर्टाच्या आतून गाडीची किल्ली काढून डेल्बर्टला दिली.

"डेल्बर्ट, वीस वर्षं ओळखतो तुला. जा. बॉनेट उघड. इंजिनावरची धूळ पूस."

एवढा मान डेल्बर्टला आजवर कुणी दिला नव्हता. त्याने खिशातला स्वच्छ रुमाल काढला, जीन्सला हात पुसले, आणि जपून बॉनेट उचललं.

इंजिनाच्या जागेतून थेट खाली गॅरेजची फरशी दिसली. स्वच्छ होती.

तेवढ्यात घरामागे काहीतरी गरजलं. गॅरेजच्या काचा थरथरल्या, कोंबड्या कुंपणावर चढल्या. नोव्हाचा तो आवाज डेल्बर्टने झोपेतही ओळखला असता. बदामी वॅगन नाक खुपसून कोपऱ्यावरून आली. मिस ओपलच्या डोक्यावर हेल्मेट होतं. फाटकातून बाहेर पडताना तिने रस्त्यावर दोन काळे पट्टे ओढले आणि ती टेकडीपलीकडे नाहीशी झाली.

व्हरांड्यातून मर्लचा झोपाळलेला, समाधानी आवाज आला, "अरे गाढवा, पुसायला सांगितलं होतं, चालू करायला नाही!"