दीर्घ श्वास

रोज अकरा वाजता आम्ही सगळे आपापल्या टेबलाशी उभे राहतो, डोळे मिटतो आणि दीर्घ श्वास घेतो. कर्मचाऱ्यांची तब्येत सुधारावी म्हणून नव्या साहेबांनी हा नियम काढला. ते समोर खुर्चीत बसून, आमच्यावर नजर ठेवत श्वास मोजतात आणि शेवटी "उघडा" म्हणतात. मागच्या आठवड्यात शिपायाने डोळे आधीच उघडले, तर दुसऱ्याच दिवशी त्याची बदली झाली.

आज मोजणं सातावर थांबलं, ते पुढे सरकेचना. बाळ झाल्यापासून मला एक खोडच लागलीय. कुणाचा श्वास ऐकू आला नाही की माझा जीव टांगणीला लागतो. शेवटी मी डोळे किलकिले केले. साहेबांची मान कलली होती, ओठ निळे पडले होते, पण छाती अजून मधूनच हलत होती.

मदतीसाठी वळले, तर सगळ्यांचेच डोळे सताड उघडे. सगळे साहेबांकडे बघत शिस्तीत श्वास घेत होते.

"अहो, डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!" मी कुजबुजले.

शेजारचे हेडक्लार्क हलले नाहीत. "पोरी, तू काही पाहिलं नाहीस. पाहिलं म्हणालीस, तर डोळे कधी उघडलेस तेही सांगावं लागेल. थांब, आता थोडंच राहिलंय."

मी पुन्हा साहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते.

मी पटकन डोळे मिटले.