पटलं पाहिजे

"जोरात मार रे! बघणाऱ्याला पटलं पाहिजे!" दिग्दर्शक ओरडला. बायकांवर हात उचलू नका, असं सांगणारी जाहिरात होती. नवऱ्याचं काम करणारा नट मात्र प्रत्येक वेळी कचरत होता.

वैतागून दिग्दर्शक स्वतः पुढे आला. "नीट बघ. आधी अंगठी काढायची, म्हणजे खूण राहत नाही. मग केस धरायचे, म्हणजे तिला मान फिरवता येत नाही." त्याने तसंच केलं आणि खाडकन कानाखाली वाजवली. नटीचा ओठ फुटला. रक्त हनुवटीवरून पदरावर ओघळलं. "असं! आता कसं खरं वाटतं!"

मेकअप करणारी दिग्दर्शकाची बायको ओला कापूस घेऊन आली. तिने नटीचा ओठ टिपला, तिला बाजूला बसवलं आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. नवा कापूस घेऊन ती स्वतःचा गाल खसाखसा पुसू लागली. मेकअपखालून काळानिळा वळ वर आला.

"कट! कट म्हणतोय ना!" दिग्दर्शक किंचाळला. कॅमेरामनने कॅमेरा चालूच ठेवला.

"खूण राहते," ती म्हणाली.