रिपोर्ट व्यवस्थित आहे

फोन वाजला तेव्हा तिचे दोन्ही हात मैद्याने भरलेले होते. ते तसेच ॲप्रनला पुसून तिने फोन कानाला लावला.

“रिपोर्ट आला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डाउन सिंड्रोमची शक्यता अगदी नगण्य. बाळ व्यवस्थित आहे. आता निवांत राहा.”

“आई!” ती एवढ्या जोरात ओरडली, की भट्टीपाशी उभ्या असलेल्या आईच्या हातून पावाचा ट्रे सुटता सुटता राहिला.

तपासणीसाठी रक्त दिलं त्याला दहा दिवस झाले होते. या दहा दिवसांत तिने आपलं गरोदरपणच लांबणीवर टाकलं होतं. तिसरा महिना सरला तरी बेकरीच्या गिऱ्हाइकांना पत्ता नव्हता. नवऱ्याने पाळण्याचा विषय काढला, तर “आधी रिपोर्ट येऊ दे.” एखादं नाव सुचलं, तर ती स्वतःवरच चिडायची. आणि दादाला तर सक्त ताकीद होती, की मामा होणार म्हणून गावभर करायचं नाही.

दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला जन्मापासूनच डाउन सिंड्रोम. बेकरीतल्या केकवर नावं घालायची ती त्यानेच. वेळ लागायचा, पण अक्षर मोत्यासारखं.

तो आतून धावत आला. “आता सांगू?”

“सांग! ज्याला सांगायचंय त्याला सांग!”

तो थेट दारात गेला. “मी मामा होणार! ऐकलं का, मामा!” समोरचा घड्याळजी डोळ्याला भिंग तसंच ठेवून बाहेर आला. पावासाठी थांबलेल्या बायकांनी तिला गराडाच घातला. कितवा महिना, उलट्या होतात का, एकीचं उत्तर द्यावं तोवर दुसरीचा प्रश्न. आईने गरम बिस्किटांचा अख्खा ट्रे वाटायला काढला. लेक हसत होती, रडत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिचा हात बिनधास्त पोटावर गेला होता.

दादा धापा टाकत परत आला. “रिपोर्टमध्ये काय लिहिलंय?”

“बाळ अगदी छान आहे,” आई आनंदाच्या भरात बोलून गेली. “तुझ्यासारखं नाही…” आणि तिने जीभ चावली.

दादाने मान डोलावली.

“आई, माझ्या वेळी होती ही तपासणी?”

“नव्हती रे, बाळा.”

“थोडक्यात वाचलो की मी!” तो खदखदून हसला आणि त्याने टाळीसाठी बहिणीपुढे हात केला.