मोरेनिकेचा निळा झगा

लागोसात समारंभ म्हटला की सगळ्या मैत्रिणींनी एकसारखं कापड घ्यायचं, म्हणजे दर महिन्याला खिशाला कात्री. यंदा मोरेनिकेनं ते साफ बंद केलं. लग्न असो की बारसं, ती तोच जुना निळा झगा घालून जायची, जॉलोफ भात चापायची, मनसोक्त नाचायची आणि "आली बघा आपली निळी!" हे टोमणे हसण्यावारी न्यायची.

वर्षअखेरीस स्वतःच्या खोलीचं आगाऊ भाडं साठलं. मैत्रिणींना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी तिच्यासाठी जंगी पार्टी ठरवली. बुसायोचा फोन आला.

 

"आम्ही सगळ्या जांभळ्या लेसमध्ये. तू उत्सवमूर्ती, तुझ्यासाठी तिप्पट भारीतली सोनेरी निवडलीय. पैसे आजच पाठव गं, घरमालक थांबेल, शिंपी थांबायचा नाही!"