लपवलेला थर

ऑफिसात बसून यामिनी संगणकातल्या नकाशावर जी रेघ मारी, त्याच रेघेने दूरच्या साइटवर यंत्राचं पातं कापत जाई. आज जुन्या गिरणीची भिंत पाडायची होती. पण रेघेचं टोक भिंतीवर टेकायचं सोडून मागच्या मोकळ्या जागेकडे खेचलं जात होतं.

ती मागे उभ्या साहेबांना म्हणाली, "जगदाळेसाहेब, नकाशात काहीतरी लपवलंय. रेघ त्यालाच चिकटतेय."

"मग चिकटणं बंद कर आणि काप."

नकाशा एकावर एक थरांचा होता, त्यातले लपवलेले सगळे थर यामिनीने उघडले. भिंतीमागे यंत्राने टिपलेल्या माणसांच्या आकृत्या दिसल्या. त्या हलत होत्या.

"साहेब, आत माणसं आहेत!"

"माहितीये. सांगून सांगून थकलो, हटत नाहीत."

त्यांनी तिला ढकलून माउस हिसकावला आणि रेघ ओढली. स्पीकरमधून किंकाळी आली. पडद्यावर एका आकृतीचे दोन तुकडे झाले.

यामिनीने लोखंडी खुर्ची उचलून साहेबांच्या मनगटावर हाणली. हाड मोडलं, तरी ते पुन्हा माउसकडे झेपावले. तेव्हा तिने खुर्ची त्यांच्या डोक्यात घातली. मग रक्ताळल्या हाताने यंत्र थांबवून तिने साइटचा माइक चालू केला.

"यंत्र बंद केलंय. बाहेर या."

पलीकडून एका बाईचा कापरा आवाज आला, "कोण बोलतंय?"

"रेघा मारणारी," यामिनी म्हणाली.