चॉकलेटच्या कारखान्यातलं स्थळ

हेरंब मुलगी पाहायला आला आणि त्याच्याबरोबर चॉकलेटचा वासही येऊन सोफ्यावर बसला. तो चॉकलेटच्या कारखान्यात कोकोच्या बिया भाजायचा; हा वास साबणाला दाद देत नसे.

पगार विचारायचं सोडून मुलीचे काका विचारत होते, “पांढऱ्या चॉकलेटात चॉकलेट असतं का हो?” पोह्यांच्या बशा हातात घेऊन मृण्मयी दारातच रेंगाळली. आधीच्या स्थळांच्या कपड्यांना फार तर डांबरगोळ्यांचा वास यायचा.

दोघांना गच्चीवर पाठवलं. झुळूक त्याच्याकडून येईल अशा बेताने ती उभी राहिली, डोळे अर्धवट मिटून. संध्याकाळ विरघळत चालली होती.

“एक सांगून ठेवतो,” तो म्हणाला. “घरातल्यांना हा वास फार दिवस येत नाही. सवय होते. आईला तर कधीच येईनासा झालाय. नंतर फसवलं म्हणू नका.”

स्वतःची मुदत आपणहून सांगणारं स्थळ ती प्रथमच पाहत होती.

खाली येऊन तिने काकांना सांगितलं, “मुहूर्त लांबचा काढा.”

काका धसकले. “म्हणजे नकार?”

“होकार. पण वास पुरवून पुरवून घ्यायचाय.”