सकाळची बस

"बाई शिक्षक सोबत नसेल तर मुलींना नेता येणार नाही," भूगर्भशास्त्राच्या विभागप्रमुखांनी सांगितलं. "तुम्ही चौघी ग्रंथालयात बसून प्रकल्प लिहा."

विभागात एकही बाई शिक्षक नव्हती. घाटातली ही क्षेत्रभेट हुकली, तर खडक फक्त पुस्तकातच बघायचे, हे रेश्मा तडवीला कळत होतं. दोन दिवस ती विद्यापीठभर मॅडम लोकांची दारं वाजवत फिरली. कुणी "बघते" म्हणालं, कुणी "कळवते". कुणीच कळवलं नाही. तिघी मैत्रिणींनी नाद सोडला.

निघायच्या दिवशी रेश्मा तरीही सॅक घेऊन बसपाशी आली. मुलं चढली. ती एकदा फाटकाकडे, एकदा सरांच्या घड्याळाकडे बघत राहिली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

तेवढ्यात इतिहासाच्या सोनवलकर मॅडम धापा टाकत आल्या.

"सर, मी येतेय. माझे तास आमच्या विभागातल्या दोघींनी वाटून घेतलेत. माझ्या आजारी आईपाशी मराठीच्या मॅडम राहतायत. आणि हे परवानगीचं पत्र. रसायनच्या मॅडमनी काल दिवसभर ऑफिसात बसून सही आणली."

सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"बाकीच्या तिघी कुठे आहेत गं?" मॅडमनी विचारलं.

"हॉस्टेलवर. त्यांनी बॅगाच भरल्या नाहीत."

"मग पळ, घेऊन ये त्यांना."

"मॅडम, तोवर बस गेली तर?"

मॅडम चालत जाऊन बसच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"जाते कशी, बघू."

रेश्मा पळत सुटली.